पडक्या किल्ल्याचा वास

अत्तर डाव्या हाताच्या मागच्या बाजूला लावावे, घासू नये आणि लगेच मत देऊ नये. स्टेशनपर्यंत चालत जाऊन परत यावे, मग काय ते सांगावे. मलकापूरला दर महिन्याला बऱ्हाणपुराहून येणारे अत्तरवाले चाचा गिऱ्हाइकाला हा नियम न चुकता सांगत. मी तो एकदा मोडला. त्यापायी माझ्या थोरल्या भावाचा सिनेमाचा तंबू जवळजवळ उठला होता.

मूकपटांचे ते शेवटचे दिवस. भावाला आम्ही दादा म्हणत असू. बुलढाण्याच्या कचेरीतली नकलनविसाची जागा सोडून त्याने मलकापुरात तंबू उभा केला होता. तेलाच्या इंजिनावर दिवा पेटे आणि यंत्राची मूठ दादा स्वतः फिरवी. मी अमरावतीचे कॉलेज अर्धवट सोडून आलो होतो. जाहिरातीची पत्रके लिहिणे आणि पडद्यावर येणारी वाक्ये मोठ्याने वाचणे ही दोन कामे माझ्याकडे होती. वाचणाऱ्याला पडद्याच्या मागे उभे राहावे लागे, त्यामुळे मला प्रत्येक चित्र उलटे दिसे; अक्षरेही उलटी, पण ती तशी वाचायची मला सवय झाली होती. नायक डाव्या हाताने तलवार चालवतो अशी माझी बरीच वर्षे समजूत होती.

बाबा तहसील कचेरीतून पेन्शनीत निघाले होते. त्यांचा तंबूला विरोध होता, पण ते ओरडत नसत. त्यांनी अट घातली, आणि अर्ज लिहावा तशी सरळ भाषेत घातली. "ज्या जागी तुझी माय जाऊन दोन घंटे बसू शकत नाही, तो धंदा या घरातला नाही. दिवाळीपर्यंत तुझ्या माईनं तिथं एक चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून पाहावं. नाही पाहिलं, तर तू बुलढाण्याला परत जाशील. जागा दिवाळीपर्यंत राखून ठेवली आहे, मी बोललो आहे."

दादा "हो" म्हणाला. दसरा नुकताच झाला होता. दिवाळीआधी तीन मंगळवार मिळत होते. मंगळवारी आमच्याकडे पुरुषांची गर्दी कमी असे, म्हणून दुपारचा एक खेळ फक्त बायकांसाठी ठेवायचे ठरले. वार मी सुचवला.

चांगल्या घरच्या बायका तंबूत येत नसत. त्याचे कारण आम्ही दोघे भाऊ भलतीकडे शोधत होतो. ते वहिनीने सांगितले. ती अमडापूरची, बोलायला थोडकी. "चित्राले कोनी नावं नाई ठेवत," ती म्हणाली. "तुमच्या तंबूले वास येते. विड्या, घासलेट, अन् मानसांचा घाम. लुगड्याले लागला तं घरी सासू इचारते, कुठी गेली होती?"

म्हणून अत्तर. आणि नुसते गोड अत्तर नको, असे माझे मत पडले. येणारे चित्र एका पडक्या किल्ल्याचे होते. राजा आपल्या राणीला भिंतीत चिणतो, आणि ती मोकळ्या केसांनी, मशालीच्या उजेडात, तळघराच्या पायऱ्या उतरत राहते. मी इंग्रजी कादंबऱ्या वाचलेला होतो. राणी पायऱ्या उतरू लागली की तंबूत काळोखाचा वास यावा, दगडाचा, जुन्या कापडाचा, जळालेल्या मसाल्याचा, अशी माझी कल्पना. दादाला ती पटली. कल्पना आजही मला वाईट वाटत नाही.

चाचा आले ते आमच्या ओट्यावर बसले. वहिनी उंबऱ्याच्या आत. लाकडी पेटीत मखमलीच्या खोबणीत कुप्या, आणि पेटीच्या झाकणात कापसाचे फाये खोचलेले. पांढरी दाढी, बोटांची टोके तेलकट पिवळी. त्यांनी प्रथम खस काढला.

"हा उन्हाळ्याचा," मी म्हणालो.

"मग तुमची रानी कोनत्या मोसमात मेली, भाईसाब?" चाचांनी विचारले. "मले सांगा, मी त्या मोसमाचं काढतो."

गुलाब हुंगताच वहिनी म्हणाली, "हे तं लगन झालं." केवडा काढला तेव्हा ती चक्क मागे सरकली. केवड्याच्या बनात साप असतात हे तिच्या माहेरी पोरासोरांना ठाऊक होते. हिना मला आवडला. ओल्या मातीत कोणी मेंदी वाटून विसरून गेले असावे, असा वास. पण त्यात भीती नव्हती. मी चाचांना म्हणालो, "याहून काळं काही नाही का?"

चाचांनी पेटीचा खालचा खण ओढला. त्यात कुप्या नव्हत्या, कागदाच्या पुड्या होत्या. एका पुडीत उदाचे खडे आणि लोबान. त्यांनी वहिनीकडून निखारा मागवला, त्यावर एक खडा टाकला. निळसर धूर सरळ वर गेला आणि छपराखाली पसरला. मला हवा होता तो किल्ला तिथे ओट्यावर उभा राहिला.

"हेच," मी म्हणालो.

"थांबा जी. स्टेशनवर जाऊन या."

"नको. हेच द्या."

"भाईसाब, अत्तर लावायचं असते. हे लावायचं नसते, हे बोलवायचं असते. कोनाले बोलवून राह्यले ते आधी ठरवा."

मी याला विक्रेत्याचे बोलणे समजलो. वहिनी आतून हळू म्हणाली, "भाऊजी, आमच्याइकडे हा धूर देवीपुढं असते. मंगळवारी तरी नका जाळू."

"म्हणून तर भारी आहे," मी म्हणालो. या वाक्याचा अर्थ काय होता ते मला तेव्हाही सांगता आले नसते.

मी पत्रक लिहिले: 'भयाण किल्ला! शापित राणी! सुगंधी धुरात पाहा!' पहिल्या मंगळवारी सत्तरेक बायका आल्या. पेठेतल्या दुकानदारांच्या घरच्या, दोन मास्तरांच्या, एका वकिलांची सून. आई दुसऱ्या रांगेत सतरंजीवर बसली, मांडीवर पानाचा डबा घेऊन. बाबांनी तिला तपासणीला पाठवावे तसे पाठवले होते. तंबूच्या चार खांबांपाशी चार धुपाटणी होती, प्रत्येकापाशी एक पोरगा. तिसरे रीळ सुरू झाले, राणी पहिली पायरी उतरली, आणि मी पोरांना ठरल्याप्रमाणे उदाची खूण केली.

पडद्याच्या कडेच्या फटीतून मला पुढच्या दोन रांगा दिसत. निखाऱ्यांवरून धूर उठला. दुसऱ्या रांगेच्या टोकाला जिनिंगमधल्या मुकादमाची बायको बसली होती, ठेंगणी, अंगाने भरलेली, कुंकू रुपयाएवढे. तिने एकदा डोळे मिटले. मग तिची मान डावीकडून उजवीकडे जाऊ लागली. मला वाटले, झोप येत असावी. तिचा अंबाडा सुटला, केस मोकळे झाले. पडद्यावर राणीचे केस मोकळे, पडद्यासमोर हिचे. ती घुमू लागली.

आमचा तबलजी म्हातारा होता, नवरात्रात देवीच्या जागराला वाजवणारा. त्याने डोळे उघडून समोर पाहिले आणि ताल बदलला. मागाहून मी त्याच्यावर चिडलो तेव्हा तो म्हणाला, "समोर बाई घुमून राह्यली अन् मी दादरा वाजवू काय?"

त्या तालावर आणखी चौघी उठल्या. त्यांत वकिलांची सून होती. भीती मात्र कोणालाच वाटत नव्हती. चित्राला न भिणाऱ्या त्या बायका देवीलाही भीत नव्हत्या. त्यांना काय करायचे ते माहीत होते. "अव माय, आली वं!" असे कोणीतरी म्हणाले आणि वाट मोकळी झाली. आईने पानाच्या डब्यातून कुंकवाची पुडी काढली, मुकादमाच्या बायकोच्या कपाळाला लावले, तिला धरून बसवले. बाकीच्यांनी पाया पडून घेतले. एकीने विचारले, "माय, माह्या पोरीले कवा नांदवतीन?" पडद्यावर राणी एकटीच पायऱ्या उतरत होती. मी वाचत असलेले वाक्य कोणी ऐकले नाही, ते मीही पुरे केले नाही.

घरी बाबांनी विचारले, "बसलीस?"

"बसली कुठी? उभीच होती," आई म्हणाली. "देवी पाह्यली. चित्र नाई पाह्यलं."

"मग अट पुरी झाली नाही," बाबा म्हणाले, आणि जेवायला बसले.

आठवडाभर गावात एकच चर्चा होती. तंबूत देवी येते. दुसऱ्या मंगळवारी सतरंजी पुरेना. बायका नारळ घेऊन आल्या होत्या. हळद, कुंकू, खणाचे कापड. मुकादमाची बायको मध्ये बसली, बाकीच्या तिच्याभोवती गोल करून. निम्म्यांची पाठ पडद्याकडे होती. मी त्या दिवशी उदाचे एकच धुपाटणे ठेवले होते. तेही नको होते, पण वास नसेल तर गर्दी जाईल अशी मला धास्ती. धूर सुटताच पहिल्या रिळातच सगळे सुरू झाले. सासूचा दमा, हरवलेली म्हैस, पोराची नोकरी. देवीने म्हशीचा पत्ता सांगितला, तो पुढे खरा निघाला असेही म्हणतात. याची मी खात्री करून घेतलेली नाही.

दुसऱ्या रिळाच्या मध्यावर चित्र थांबले. दादाने मूठ सोडली होती. यंत्राच्या खोक्यातून तो बाहेर आला, घामाघूम, आणि कोणावरही न रागावता म्हणाला, "बायांनो, मी चित्र दाखवतो. देवी दाखवणं माझ्या हातात नाही." कोणाला त्याचे काही वाटले नाही. एक म्हातारी म्हणाली, "राहू दे बाप्पा तुहं चित्र. आमचं चालू दे." आई त्या गर्दीत प्रसादाचे खोबरे वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने ट्रंक उघडली आणि कचेरीचा काळा कोट काढून उन्हात दोरीवर टाकला. कोटाच्या खिशातून डांबराच्या गोळ्या काढून त्याने ओट्यावर ठेवल्या, एकामागून एक. तंबू भरला होता आणि तरी तो गेल्यात जमा होता. त्याला लोक पडद्याकडे तोंड करून बसायला हवे होते.

वहिनीने तो कोट पाहिला. तिने दुपारी मला विचारले, "चाचा कुठी हाय?"

"शेगावला गेले असतील. परवा इकडून जातील."

"स्टेशनवर उभे राहा अन् घेऊन या."

आज्ञा म्हणून एवढे लांब वाक्य ती माझ्याशी प्रथमच बोलली. मी दोन गाड्या पाहिल्या. तिसऱ्या गाडीला चाचा पेटी आणि एक पोते घेऊन उतरले. ओट्यावर बसताच त्यांनी छपराकडे पाहून विचारले, "कोन आलं होतं, बाई?"

"देवी आली होती, चाचा," वहिनी म्हणाली. "आता नको. आता असा वास द्या का ज्याच्यावर कोनाचा हक नाई. देवाचा नाई, पिराचा नाई, लगनाचा नाई, मयताचा नाई. पन अंधार पाह्यजे. भाऊजीले अंधारच लागते."

चाचा हसले. बराच वेळ त्यांनी पेटीला हात लावला नाही. मग वरच्या खणातून त्यांनी एक कुपी काढली. तेल जवळजवळ काळे होते, उजेडात धरले तर लालसर. "शमामा," ते म्हणाले. "थंडीचं अत्तर. रजईत झोपनाऱ्याचं." वहिनीच्या डाव्या हाताच्या मागे त्यांनी फाया टेकवला. तिने घासले नाही. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, तिथून विहिरीवर, तिथून गोठ्यात, आणि पुन्हा उंबऱ्याशी येऊन बसली. हे तिचे स्टेशन.

"यात दगडफूल हाय," ती म्हणाली.

चाचांची मान एकदम वर आली. "हाय."

"नागरमोथा. जायपत्री. लवंग. आनखीन एक हाय, थे मले नाई वळखत."

"जटामांसी."

"भाऊजी," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हा तं आपला काळा मसाला होय. डबा उघडला का असाच वास येते. तुमचा किल्ला घरात होता, अन् तुम्ही देवळात गेले."

मी हात पुढे केला. पहिला वास तिखट, नाकाच्या आत टोचणारा. चाचांनी मला बोटाने स्टेशनची दिशा दाखवली. मी गेलो आणि परत आलो. त्या अर्ध्या तासात तो वास खाली उतरत गेला. लवंग गेली, मग लाकूड आले, मग ओला दगड, आणि शेवटी बंद खोलीत पडून राहिलेल्या गरम कपड्यासारखे काहीतरी. पुढे तीस वर्षे नागपुरात वृत्तपत्राच्या टेबलावर बसलो, तिथे माणसे वर्णन मागत. याचे वर्णन मी याहून नेमके आजही करू शकत नाही.

धूर नको, असे वहिनीने ठरवले. "धूर देवाचा. वाफ चुलीची." अत्तर काढून उरलेला मसाल्याचा चोथा चाचांकडे पोत्यात होता. तो दोन पातेल्यांत उकळायचा, पातेली कनातीच्या बाहेर, वाफ कापडाखालून आत यावी अशी. अत्तराचे थेंब फक्त दाराशी टांगलेल्या ओल्या पंच्यांवर.

तिसऱ्या मंगळवारी वहिनी स्वतः दारात उभी राहिली, टोपली घेऊन. बायका नारळ घेऊन आल्याच. "द्या इकडे," ती प्रत्येकीला सांगत होती. "घरी जाताना घेऊन जा. देवी देवळात हाय. इथं रानी हाय."

"काऊन वं, तुले देवी नको काय?" एकीने टोमणा मारला.

"मले पाह्यजे. पन तिले चित्र आवडत नाई. दोनदा आली, दोनदा बंद पाडलं."

हशा झाला आणि नारळ टोपलीत पडले.

मी फटीतून पाहत होतो. मुकादमाची बायको आपल्या जागेवर बसली. तिने डोळे मिटले, वाट पाहिली. पातेल्यांची वाफ आत येऊ लागली होती. तिने एकदा श्वास घेतला, मग दुसऱ्यांदा. डोळे उघडून तिने शेजारणीला विचारले, आणि तंबूभर ऐकू गेले, "कोनाकडं मसाला भाजून राह्यले वं?" बायका हसल्या. ती पडद्याकडे पाहू लागली, कारण आता दुसरे काही करायला नव्हते.

तिसऱ्या रिळात तबलजीने दादराच वाजवला, अगदी हळू. राणी पायऱ्या उतरू लागली. वास एव्हाना लवंगेचा राहिला नव्हता, खाली उतरला होता, दगडापर्यंत. हसू थांबले. मुकादमाच्या बायकोने शेजारणीचे मनगट धरले. मागून कोणीतरी "नको जाऊ वं माय तिकडं" असे राणीला म्हणाले. मी वाक्य वाचले, पूर्ण वाचले, आणि माझा आवाज मला परका वाटला. आई दुसऱ्या रांगेत पानाचा डबा न उघडता बसली होती. चित्र संपेपर्यंत तिने तो उघडला नाही.

संध्याकाळी बाबा ओट्यावर होते. आई त्यांच्याजवळून आत जाताना त्यांनी विचारले, "घरात मसाला कुटला काय?"

"नाई. मी चित्र पाहून आली."

"पहिल्यापासून?"

"पयल्यापासून."

बाबांनी तिला बसवले आणि विचारायला सुरुवात केली, साक्ष घ्यावी तशी. राजाचे काय झाले. राणीला का चिणले. मशाल कोणाच्या हातात होती. आई सांगत गेली. प्रथम प्रश्नापुरते, मग प्रश्नांची वाट न पाहता. पायऱ्या किती होत्या तेही तिने सांगितले, मीही त्या कधी मोजल्या नव्हत्या. भिंत फुटते त्या ठिकाणी ती आली तेव्हा बाबा पुढे झुकले होते. "मग?" असे ते म्हणाले. चौकशीत हा शब्द त्यांनी त्यापूर्वी वापरलेला मी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बुलढाण्याला पत्र लिहिले. जागा राखून ठेवल्याबद्दल आभार, आता ती दुसऱ्यास देण्यास हरकत नाही. दोन ओळी. ते मीच टपालात टाकले. दादाला त्यांनी "कोट दोरीवर किती दिवस ठेवणार आहेस?" एवढेच विचारले.

तंबू आणखी काही हंगाम चालला. मग बोलपट आले, पडद्यामागे वाचणाऱ्याची गरज संपली आणि मी नागपूरची गाडी धरली. दादा पुढे एका पक्क्या थिएटरात यंत्र चालवत राहिला. चाचा एका वर्षी आले नाहीत, त्यानंतरही आले नाहीत. तो काळा कोट कोणी घातला नाही. तंबूचे जुने यंत्र घरी आणून ठेवले होते, त्यावर धूळ बसू नये म्हणून तो पांघरलेला असे, बाह्या दोन्ही बाजूंना लोंबत. सुटीत घरी गेलो की मी तो उचलून पाही. वहिनीने अस्तरात एक फाया शिवून ठेवला होता. डांबराच्या गोळ्यांचा वास केव्हाच गेला होता, दगडफुलाचा टिकून होता.